नऊ तासांचा मफलर

लेकीचं विमान उडालं की आई विणायला बसायची आणि ते उतरल्याचा फोन आल्यावरच सुया खाली ठेवायची. नऊ तासांत एक मफलर पुरा व्हायचा. दोन विमानतळांमधलं अंतर तिच्या लेखी तेवढंच. हात थांबला तर विमान खाली येईल, अशी तिची पक्की समजूत होती. आज ती स्वतःच लेकीकडे निघाली होती. "मावशी, या सुया आत नेता येणार नाहीत," तपासणीवाली म्हणाली. "मग विमान कोण सांभाळणार?" आईनं विचारलं. खिडकीबाहेर पिंजलेल्या लोकरीसारखे ढग पसरले होते. ती रिकाम्या बोटांनी हवेतच टाके घालत राहिली आणि घालता घालता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा चाकं जमिनीला टेकली होती. बाहेर लेक उभी होती. तिच्या हातात वाकडातिकडा, टाके सुटलेला मफलर होता. टोक अजून सुईवरच होतं.