अर्धवट डाव

सकाळचे ऊन खिडकीतून सावकाश उतरले, दादाच्या रिकाम्या खुर्चीवर क्षणभर टेकले आणि नव्या टॅबलेटच्या काचेवर येऊन स्थिरावले.

दादाचे बुद्धिबळाचे ॲप दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटसाठी बनवलेले. धाकट्या भावाने खटपट करून ते या टॅबलेटवर चालवले. दोघांचा अर्धवट डाव जसाच्या तसा उघडला.

"रात्ररात्र यांना अडकवून ठेवणाऱ्या माझ्या सवतीला पुन्हा घरात घेतलंत म्हणायचं, भावजी!" वहिनी कशीबशी हसली.

नदीत दादाची नाव उलटली, तो सापडला नाही, तरी कुठेतरी काठाला लागला असेल, हा धाकट्याचा हट्ट होता. त्याने प्यादे सरकवले.

तत्क्षणी दादाच्या घोड्याने आपणहून उडी घेतली. खाली अक्षरे उमटली, दादा चिडवायचा तशीच: "कासवा, किती उशीर! इथं पाणी फार गार आहे रे."

वहिनीच्या हातून पेला निसटला.

दादा बुडाला होता.