दुसऱ्या हाताचे फराटे

झाडूच्या फराट्यांमध्ये चार बोटांचं अंतर होतं, आणि ते सगळे उजवीकडे वळले होते. माझे फराटे डावीकडे वळतात.

उझबेकिस्तानातल्या आमच्या मर्गिलानमध्ये सून सर्वांआधी उठून अंगण आणि दारापुढचा रस्ता झाडते. मला रसायनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायचा होता, म्हणून मी पाचऐवजी चारला उठू लागले. पहिल्याच पहाटे अंगण झाडून, पाणी शिंपडून तयार होतं. फाटकाला आतून कडी होती. झाडूची मूठ कोमट लागली.

"शाबास, सूनबाई!" सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर ती शेजारची! उन्हं डोक्यावर आली तरी लोळते."

मी मान खाली घालून चहा ओतला. सासूबाईंना मी ओयी, म्हणजे आई, म्हणते.

मग मी साडेतीनला उठून पाहिलं, नंतर तीनला. अंगण ओलंच असायचं. भीती वाटायची, तरी मी दार लावून पुस्तक उघडायचे, आणि सकाळी शाबासकी घ्यायचे. परीक्षेचं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

चाळिसाव्या सकाळी सासूबाईंनी नानचा पहिला तुकडा मला दिला आणि नणंदेला म्हणाल्या, "मुनव्वर, हिच्या हाताकडून काहीतरी शीक."

माझे कान तापले.

तेवढ्यात बाहेर झाडू फिरू लागला. घरातली सगळी माणसं दस्तरखानाभोवती न्याहारीला बसलेली होती.

सासूबाईंच्या हातातली चहाची वाटी तशीच राहिली. "तू इथे आहेस. मग बाहेर कोण झाडतंय?"

"ओयी, या चाळीस दिवसांत मी एकदाही झाडलेलं नाही," मी म्हणाले. "मी त्या वेळात अभ्यास करते."

बाहेरचा आवाज थांबला, अगदी खिडकीखाली.

"उद्या मी परीक्षेला जाणार आहे," मी म्हणाले.