पलीकडचा पदर

भीमेच्या शिरूरकडच्या काठावर गजराबाई रोज उजाडताच महादेवाच्या जुन्या देवळातली घंटा वाजवायची. ती ऐकून दौंडकडच्या काठावर थोरली बहीण हौसा पदर हलवायची. दोघी जित्या आहेत, एवढंच कळायचं. होडी बंद झाल्यापासून नऊ वर्षं भेट नव्हती. यंदा सरपंचांनी विजेवर वाजणारी घंटा बसवली. "मावशी, तुम्ही आराम करा." गजराबाईनं आराम केला, तोही तापात. तीन दिवस अंथरुणात होती. घंटा वेळेवर वाजत राहिली. कुणी विचारायला आलं नाही. चौथ्या दिवशी नदीवर गेली, तर पलीकडं पदर खुशाल हलत होता. पाचव्या दिवशी पहाटेच तिनं घंटेची वायर उपटली आणि उंबऱ्यात बसली. दुपारी लांबच्या पुलावरून भाजीच्या टेम्पोतून हौसा आली. "जिती हायेस व्हय भवाने? घंटा का न्हाई वाजवलीस?" "वाजवली असती, तर आली असतीस का?"