पुलाच्या अलीकडे

"बाबा, दाबा की ते बटण! खेळच आहे," सुनंदा म्हणाली.

चिपळूणचे निवृत्त पोस्टमास्तर भालचंद्र खातू पडद्याकडे नुसते बघत राहिले. पूर आलेल्या नदीवर झुलता पूल होता. गावकरी पलीकडे पोचले होते आणि मागून शत्रू चालून येत होता. पुलाचे दोर अलीकडूनच तोडता येत होते, म्हणजे एकाला मागे राहणं भाग होतं. खेळ रखमाचं नाव सुचवत होता.

रखमा दोन वर्षं त्यांच्या सोबतीला होती. या नव्या खेळांतल्या सोबत्यांना सगळं आठवायचं, भीतीही वाटायची. एकदा मेलेलं कुणी परत येत नसे, खेळणाऱ्याचं पात्रसुद्धा नाही.

त्यांनी माइकमध्ये विचारलं, "रखमा, तू मागे राहशील?"

"तुम्ही म्हणाल तर राहीन, भाऊ. पण मला मरायचं नाहीये."

"बरं, मग तू हो पुढे. मी आलोच मागून."

ती पलीकडे पोचल्याबरोबर त्यांनी कोयता उचलला आणि दोर तोडले. पूल पाण्यात कोसळला. रखमाने मागे वळून पाहिलं.

"भाऊ, माझ्या मरणाचं मला विचारलंत," ती तिकडून रडत ओरडली, "मग तुमच्या मरणाचं का नाही विचारलंत?"

भालचंद्र माइककडे वाकले. तोवर शत्रू येऊन भिडला आणि पडदा काळा झाला.

"चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. माइक केव्हाच बंद झाला होता.