देवाजींचं बदक

पाचला दहा कमी होते आणि काटोल एक्स्प्रेसच्या नावापुढचा हिरवा ठिपका अजून पेटलेला होता. म्हणजे माणूस तिकडं बसलेला होता, बघत होता आणि एक अक्षर लिहीत नव्हता.

देवाजीही लिहीत नव्हते. सक्करदऱ्याच्या घरात, मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर ते हाताची घडी घालून बसले होते. क्रिकेटवर भांडणाऱ्यांचा ‘स्लिप कट्टा’ हा फोरम आज पाच वाजता कायमचा बंद होणार होता. एकशे चाळीस मेंबर ‘दुसरा डाव’ नावाच्या नव्या फोरमवर केव्हाच जाऊन बसले होते. राहिला होता एकटा काटोल एक्स्प्रेस. त्यानं रविवारी लिहूनच टाकलं होतं, “खापरखेडा एंड बदक लावत नाही, तोवर मी नव्या जागी पाय ठेवत नाही.”

खापरखेडा एंड म्हणजे देवाजी. पस्तीस वर्षं खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये काढलेला माणूस दुसरं काय नाव घेणार!

आणि बदक म्हणजे दंड. वादात ज्याची चूक निघेल त्यानं नावापुढचा आपला फोटो काढून टाकायचा आणि सीझनभर बदकाचं चित्र लावायचं, शून्यावर बाद झालेल्याचं. हा कायदा देवाजींचाच. भल्याभल्यांना त्यांनी बदक लावायला लावलं होतं, स्वतः एकदाही लावलं नव्हतं. वाद होता सहा वर्षांपूर्वीच्या एका कॅचचा. फील्डरचा पाय सीमारेषेच्या दोरीला लागला होता, असं देवाजी म्हणत. कॅच साफ होता, असं काटोलवाला म्हणे. त्या दिवशी दोघंही मैदानावर होते, समोरासमोरच्या स्टँडमध्ये. तेव्हापासून रोज संध्याकाळी जुंपायची.

“लावून टाका ना एकदाचं,” त्यांची बायको इंदूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. “पाय लागला का नाही, कोण पाहून राहिलं आता?”

“मी पाहिला.”

“मंग बसा तसेच. उद्यापासून कोणाशी भांडसान? मी तर नाही भांडत, आधीच सांगून ठेवते.”

फोन वाजला. कट्टा चालवणारा नागसेन होता. “काका, पाचच्या वर एक मिनिट भेटणार नाही. तुमच्याजवळ त्याचा नंबर आहे का?”

“नंबर? अरे, नाव तरी मालूम आहे का आपल्याले त्याचं?”

नागसेननं फोन ठेवला. कट्ट्यावर कोणी कोणाचं नाव विचारायचं नाही, हाही कायदा देवाजींचाच. नाव कळलं की माणूस आडनाव विचारतो आणि आडनाव कळलं की त्याचा आवाज बदलतो. देवाजींनी जन्मभर ते ऐकलं होतं. कायदा चांगलाच होता. पण आता काटोलला जाऊन बाजारात ओरडत फिरायचं का, एक्स्प्रेस कोण आहे म्हणून?

चार छप्पन्न. हिरवा ठिपका विझला.

देवाजी पुढं वाकले. त्यांनी पान पुन्हा उघडून पाहिलं. विझलेलाच.

“गेला,” ते म्हणाले. “इंदू, गेला तो.”

इंदूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी ते तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होते. तेव्हा ह्याच माणसानं तासातासाला त्यांना कट्ट्यावरून स्कोअर लिहून पाठवला होता. तीन दिवसांत एकदाही भांडला नव्हता. देवाजींना ते आता आठवलं. कसला कॅच आणि कसली दोरी! माणूस हातचा गेला होता.

त्यांनी स्वतःचा पांढऱ्या टोपीतला फोटो काढून टाकला. बदकाचं चित्र कुठं आहे, हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक!

“आता कोणाले दाखवता? तो तर निघून गेला.”

“कोणाले नाही. लावायचं होतं, लावून राहिलो.”

गोल चक्र फिरत राहिलं. चार अठ्ठावन्न. देवाजी पडद्यावर बोट टेकवून बसले, जणू ढकलल्यानं ते लवकर फिरणार होतं. चार एकोणसाठला बदक एकदाचं बसलं. पिवळं, चोच वर केलेलं. पाच वाजता पडदा पांढरा झाला आणि त्यावर एकच ओळ राहिली, ही साइट आता उपलब्ध नाही.

इंदूबाईंनी मेथी बाजूला ठेवली.

देवाजींनी ‘दुसरा डाव’ उघडला. आधी तिथलाही आपला फोटो बदलला. जागा बदलली म्हणून दंड माफ होत नाही. मग सवयीनं नव्या मेंबरांची यादी पाहिली. सगळ्यात वरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

काटोल एक्स्प्रेस. आगमन, चार सत्तावन्न.

नावाशेजारचं चित्र हळूहळू उघडत होतं. आधी पिवळा ठिपका, मग पंख, मग वर केलेली चोच.

“अवो, त्यानं काहून लावलं?” इंदूबाई चष्मा सारखा करत म्हणाल्या.

देवाजींनी कीबोर्ड पुढं घेतला. मग ते दोन बोटांनी धडाधड लिहायला लागले, “भाऊ, बदक उतरवा. कॅच साफ होता. मी आपल्या डोळ्यानं पाहिला.”

“अन् दोरीले लागलेला पाय?”

“तू चूप बस वं.”

उत्तर यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. “नाही उतरवत. पाय लागला होता.”

देवाजींनी डोळे पुसले आणि खुर्ची पुढं ओढली.

“चहा ठेव, इंदू. हा माणूस काही ऐकून नाही राहिला.”