पाठ असलेला तक्ता

चष्मेवाल्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. एकाही अक्षरावर अडखळले नाहीत. तक्त्याशेजारी डॉक्टर उभी होती. ती त्यांची मुलगी होती. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून तिथं कृत्रिम भिंग तिनंच बसवलं होतं. घरच्या माणसाचं ऑपरेशन करायला ती तयारच नव्हती, हट्ट यांचा.

“बाबा, तक्ता मी काल मुद्दाम बदललाय. तुम्ही जुनाच म्हणून दाखवलात.”

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. उभा जन्म दुकानात तोच तक्ता लावून त्यांनी लोकांचे डोळे तपासले होते. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटला असता.

“आईचा फोन आला होता. चहा कपाबाहेर ओतता म्हणे. मला का नाही सांगितलंत?”

“धूसर दिसतं गं,” ते पुटपुटले. “पण तुझी काही चूक नाही हं. डोळाच म्हातारा झालाय. मी कुणापाशी ब्र काढणार नाही.”

लेकीचा हात चुकला असं कुणी म्हटलेलं त्यांना सोसलं नसतं. त्यापेक्षा धूसर बरं.

लेकीची नजर आता त्यांच्या नाकावर गेली. चष्मा नवा कोरा होता.

“हा कधी केलात?”

“पट्टी सुटली त्याच दिवशी. माझ्या हातचा आहे, त्यात खोट निघायची नाही!”

तिनं कपाळावर हात मारला. भिंग डोळ्यात स्थिरावेपर्यंत नंबर बदलत राहतो, चष्म्याची घाई करू नका, असं हेच गिऱ्हाइकांना बजावत. न ऐकणाऱ्याला चार शब्द सुनावत. स्वतःच्या वेळी मात्र अक्कल गहाण टाकली होती.

तिनं चष्मा काढून घेतला. “आता वाचा.”

लहानपणापासून त्यांचा चष्मा उतरायचा तो फक्त झोपताना. ते चाचरतच सुरू झाले. पहिली ओळ. दुसरी. मग आवाज चढत गेला. तळाची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा वाचली आणि त्यांनी चक्क टाळ्या पिटल्या.

“बघ! अगं, तुझा हात म्हणजे...” ते तिच्याकडे वळले आणि थांबले. “डोळे का सुजलेत तुझे? रात्रभर रडत होतीस?”

“छे हो, सर्दी झालीय.”

“मला नको सांगूस,” चष्मेवाले म्हणाले. “आता दिसतं मला.”