नववं कलम

"एक उशी पुरायची नाही, दोन ठेवा," कारकूनबाई म्हणाल्या. "मागच्या सभेत टेबलाच्या वर त्यांचे नुसते डोळे दिसत होते."

शिपाईमावशींनी खुर्चीवर दुसरी उशी थापटली. "आणि पाणी?"

"पेला अर्धाच भरा. सांडतं त्यांच्या हातून."

अकराला विश्वस्तांची सभा होती. विषय एकच, शाळा इथून हलवायची की नाही. शहराबाहेर, हमरस्त्याला लागून, एक नवे देणगीदार पाच मजली इमारत द्यायला तयार होते. बदल्यात दर्शनी भिंतीवर त्यांचं नाव हवं होतं. विश्वस्त खूश होते. कारकूनबाईंना मात्र हे पटत नव्हतं. या गल्लीतल्या आया कामावर जाता जाता पोरांना फाटकात सोडून पुढे पळायच्या. हमरस्त्यापर्यंत त्यातली निम्मी पोरंही पोचली नसती.

सगळं अडलं होतं आश्रयदात्रींपाशी.

शाळेची जागा दिली होती ती शिवणकामावर पोट भरणाऱ्या एका बाईंनी. न्यासपत्रात त्यांनी नववं कलम घालून ठेवलं होतं. आश्रयदात्यांच्या राजीखुशीच्या संमतीशिवाय शाळा हलवू नये. त्यांना कुणी पढवू नये. त्यांच्याशी अहो-जाहो करूनच बोलावं. आणि हे पद घराण्यातून नाही, शाळेच्या पटावरून ठरावं.

"वकीलसाहेब, यातून काही पळवाट?" अध्यक्षांनी आत येता येता विचारलं.

"माझ्या आधीच्या तीन वकिलांनी शोधून पाहिली. बाईंनी शिवण पक्की घातलीये."

"आधीचे आश्रयदाते किती मवाळ होते हो! जरा हसून विचारलं की मान डोलवायचे."

"या खमक्या आहेत."

अध्यक्षांची नजर कारकूनबाईंकडे वळली. "तुम्ही काही बोलला नाहीत ना त्यांच्याशी?"

"कलम मलाही लागू आहे, साहेब."

खोटं नव्हतं ते. रोज फाटकाशी गाठ पडायची. कारकूनबाई "बऱ्या आहात ना?" एवढंच विचारायच्या, आणि पुढचं सगळं दातांखाली दाबून ऑफिसात येऊन बसायच्या.

जिन्यावर पावलं वाजली. आश्रयदात्री मावशींचा हात धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, दम खात वर आल्या. पाचही विश्वस्त उठून उभे राहिले. मावशींनी त्यांना आधार देऊन उशांवर बसवलं, पायाखाली पाट सरकवला.

"या, या," जगाला अरे-तुरे करणारे अध्यक्ष अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तब्येत बरी?"

"खोकला आहे."

"औषध घेता ना?"

"कडू असतं."

"असतं खरं," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी नव्या इमारतीचं चित्र पुढे सरकवलं. "हे बघा. पाच मजले. मोठी बाग. आणि लिफ्ट आहे, तुम्हाला असं पायऱ्या चढत बसायला नको."

"मला लिफ्टची भीती वाटते."

वकिलांनी हसू दाबायला रुमाल काढला. कारकूनबाईंनी लेखणी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

आश्रयदात्रींनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. समोर गल्लीतली पत्र्याची छपरं होती, त्यांतल्या एकावर निळी बादली पालथी घातलेली.

"इथून माझं घर दिसतं," त्या म्हणाल्या. "तिथून दिसेल?"

अध्यक्षांनी तोंड उघडलं. हो म्हणणं सोपं होतं. अध्यक्षांनी चित्राची घडी घातली, ती हाताने दोनदा दाबली.

"नाही हो," ते हळूच म्हणाले. "तिथून नाही दिसणार."

"मग नको."

"अगदी नको?"

"नको."

झालं. आश्रयदात्री राजी नाहीत, शाळा आहे तिथेच राहील, असं कारकूनबाईंनी इतिवृत्तात लिहिलं. नेहमीचं सुबक अक्षर आज ओळीवरून घसरत होतं. आश्रयदात्रींना सही येत नव्हती, म्हणून शाईचं पॅड पुढे केलं. कारकूनबाईंनी त्यांचा मऊ हात हातात घेतला, अंगठा टेकवला, कागदावर उमटवला आणि हात सोडायचाच विसरल्या.

"सोडा की आता," अध्यक्ष हसले. "चला वकीलसाहेब, निदान हे गळकं छप्पर तरी नीट करून घेऊ."

तेवढ्यात खाली घंटा झाली. आश्रयदात्री लगबगीनं उशांवरून घसरल्या, "मावशी, चला ना!" म्हणत जिना उतरल्या, आणि शाईचा अंगठा तोंडात घालून बालवर्गाच्या रांगेत, उंचीप्रमाणे, सगळ्यांत पुढे जाऊन उभ्या राहिल्या.